स्टुडिओची शिफ्ट की टूर: ड्रमरने काय निवडावं?

मी दोन्ही केलंय. सात वर्षं अंधेरी-वर्सोव्यातल्या स्टुडिओंत शिफ्ट वाजवल्या, नंतरची पाच रॉक बँडबरोबर टूरवर. क्लिकवर, म्हणजे कानातल्या टिकटिक तालावर, हात बसलाय, आता पुढे काय, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे.

पैशाचं आधी उरकतो. स्टुडिओत शिफ्टचा आकडा ठरलेला असतो. हातात कधी पडतो ते विचारू नका. टूरचा धंदा थंडीतला, पावसाळ्यात शिकवण्या. शाश्वती तर मोठ्यांनाही नाही. ड्रमर जॉश फ्रीझ २०२३ मध्ये फू फायटर्स या अमेरिकन रॉक बँडमध्ये गेला, २०२५ मध्ये बँडनेच त्याला निरोप दिला. घराचा हप्ता चालू असेल तर स्टुडिओ बरा, हे मान्यच.

टूरवर दुसऱ्याच्या किटवर वाजवायचं. स्टूल गाण्यागणिक इंचभर खाली बसतं, किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, पुढे सरकत जातो. म्हणून स्नेअर (मधला कडक आवाजाचा ड्रम), पेडल, सिंबल आणि किकखाली घालायला घरातल्या जुन्या सतरंजीचा तुकडा मी सोबतच नेतो. भांडुपला हे सगळं लगेजच्या डब्यात चढवताना मासळीवाल्या मावशींच्या शिव्या ठरलेल्या. त्यात मोकळ्या मैदानावर साउंडचेक लांबला की रात्री १० ला आवाज बंद, आठातली चार गाणी राहतात.

तरी स्टुडिओ सोडला. एका गाण्याच्या अंतऱ्यात डाव्या हाताने घोस्ट नोट्स भरल्या होत्या, अगदी बोटाने टिचकी मारावी इतक्या हलक्या. चार तास त्यावर घासलो. दोन महिन्यांनी रिक्षात तेच गाणं लागलं. ऐकतो तर स्नेअर माझा नाहीच! मिक्समध्ये ठोक्याठोक्यावर तयार सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला दुसराच ठोका, चढवलेलं, सगळं ग्रिडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या तालाच्या रेघांवर, सरळ केलेलं, हलके ठोके साफ गायब. रिक्षावाल्याला सांगणार होतो, ‘हे मी वाजवलंय.’ नाही सांगितलं.

सगळीकडे असंच चालतं असं नाही. हाताचा मान राखणारे रेकॉर्डिस्टही भेटले. माझंच नशीब जरा वाकडं असेल. पण असं तीन-चारदा झालं. स्टेजवर फिल (दोन ओळींमधला ड्रमचा छोटा तुकडा) फसला तरी तो माझाच फसतो.

स्टुडिओचं काम आलं तर आजही घेतो. आधी विचारतो, सॅम्पल चढवणार का? ‘बघू मिक्समध्ये’ असं उत्तर आलं की दर वाढवून सांगतो.