कॉर्सेअर आरएम८५०एक्स एसएमपीएस: उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढून झाले

लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो मी, नाशिकला इंदिरानगरात घरीच सेटअप आहे, आणि सीझनमध्ये पीसी बसला की नवरीकडच्यांचे फोन सुरू होतात, म्हणून एवढं लिहितोय, नाहीतर एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे बघतं कोण. ग्राफिक्स कार्डावर महिनाभर काथ्याकूट आणि एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत येईल तो!

माझंही तसंच होतं. जुन्या एसएमपीएसवर मोठ्ठ्या अक्षरात ५०० वॅट छापलेलं, पण बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली १८ अँपिअर. १२ गुणिले १८ करा, २१६ वॅट, झालं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळं ह्या १२ व्होल्टवरच खातात, मग उरलेले वॅट काय चाटायचे? कटिंग वगैरे निवांत चालायचं, पण रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायचं काम, लावला की पाच मिनिटांत मशीन धप्प, एरर नाही की काही नाही. तीनदा विंडोज टाकलं, रॅम बदलून बघितली, स्टिकर काही वाचला नाही.

आता आरटीएक्स ५०७० टीआय ग्राफिक्स कार्ड घेतलं, ते एकटंच ३०० वॅट, वर रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर फुल लोडला १६२ पर्यंत जातो, पंखे-एसएसडी-बोर्ड धरून साडेपाचशेच्या आसपास. कार्डवाली एनव्हिडियाच ह्याला ७५० वॅटचा एसएमपीएस सांगते. कॅनडा कॉर्नरच्या एका दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा कशाला एवढे पैसे घालताय, लोकल साडेसातशेचा लावून देतो, सगळे तोच नेतात." मी म्हटलं स्टिकर दाखव. पोरगा गप्प.

शेवटी आरएम८५०एक्स घेतला, त्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टला ७०.८ अँपिअर आहे, म्हणजे ८५० च्या ८५० त्याच लाइनवर. माझा एटीएक्स ३.१ वाला आहे (एटीएक्स म्हणजे एसएमपीएसचं ठरलेलं स्टँडर्ड), जुना स्टॉक गळ्यात मारतील तर बॉक्सवर बघून घ्या. आजकालची कार्डं क्षणभरासाठी भलताच झटका मारतात, म्हणून एटीएक्स ३ पासूनच्या एसएमपीएसने सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता दुप्पट लोड सोसावा असं ठरलंय. जुने एसएमपीएस वॅट पुरेसे असूनही कधी कधी ट्रिप होतात ते ह्यामुळेच.

एसएमपीएसवर गोल्ड लिहिलेलं असतं त्याचं एक सांगतो, ते सराफ बाजारातलं सोनं नव्हे. भिंतीतून घेतलेली वीज वाया किती जाते एवढंच ते सांगतं. ८० प्लस नावाच्या सर्टिफिकेटात गोल्डला आपल्या २३० व्होल्टवर अर्ध्या लोडला ९२ टक्के लागतात. आतला माल किती टिकेल ते वॉरंटीवरून ओळखायचं, आणि ह्याला १० वर्षं आहे.

कमी लोडला पंखा फिरतच नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं खराब पीस आला, कॅबिनेटला कान लावून बसलो, बायको बघत होती! एप्रिल-मेच्या उकाड्यात दुपारी रेंडर लावले तेव्हा फिरला, पण आवाज खोलीतल्या सीलिंग फॅनपेक्षा कमीच.

कार्डाचा तो नवा सोळा पिनवाला प्लग मात्र नीट बसवा बरं का, पूर्ण आत गेला पाहिजे आणि केबल प्लगजवळ लगेच वाकवू नका, त्यातून ६०० वॅटपर्यंत जाऊ शकतात म्हणजे ५० अँपिअर, अर्धवट बसला तर वितळतो. आणि जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल ह्याला लावायच्या नाहीत, प्लग बसला तरी पिनांची जोडणी वेगळी असते, हार्ड डिस्क जळते.

आता यूपीएस. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही, आणि माझा जुना ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे खरे ३६० वॅटच निघाले (इथेही तेच स्टिकरचं लफडं), रेंडर चालू असताना लाईट गेली की यूपीएस एकदा कोकलायचा आणि सगळं बंद. असल्या एसएमपीएसला प्युअर साइन वेव्हवालाच, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा यूपीएस बरा, १००० व्हीएच्या पुढचा. तो खर्च एसएमपीएस घेताना डोक्यात नव्हता, दसऱ्यापर्यंत थांबलोय, तोवर ढग दिसले की प्रोजेक्ट सेव्ह करून खिडकीत जाऊन बघतो.