पाच नमुन्यांत मोडी अक्षर : मॅमल, प्रोटोटाइप की फाइन-ट्यूनिंग?

मोडी कागदांतील अक्षरे ओळखणारे मॉडेल बांधायचे आहे आणि हाताशी प्रत्येक अक्षराचे जाणकाराने तपासून दिलेले पाचच नमुने आहेत, अशा वेळी मॅमल (MAML), प्रोटोटाइपिकल नेटवर्क आणि आधीच शिकलेल्या मॉडेलचे फाइन-ट्यूनिंग, म्हणजे त्याला नव्या नमुन्यांवर थोडे आणखी शिकवणे, अशा तीन वाटा समोर असतात.

चेल्सी फिन, पीटर अबील आणि सर्गेई लेव्हिन यांनी २०१७ साली मांडलेल्या मॅमलमध्ये, मोजक्या ग्रेडियंट पायऱ्यांत, म्हणजे चूक कमी करत जाणाऱ्या छोट्या दुरुस्त्यांत, नव्या कामाशी जुळवून घेता येईल अशी सुरुवातीची वजने (मॉडेलमधले शिकताना बदलणारे आकडे) शोधली जातात. वर्गीकरण, रिग्रेशन (आकड्याचा अंदाज), रोबोटची हालचाल या सर्वांना ही कल्पना लागू पडते, हे तिचे खरे बळ आहे. मात्र इथे प्रशिक्षणाच्या पोटात दुसरे प्रशिक्षण चालते, द्वितीय क्रमाचे डेरिव्हेटिव्ह (बदलाच्या दराचाही दर) काढताना मेमरी पुरत नाही आणि आतल्या फेरीचा लर्निंग रेट (एका पायरीत वजने किती बदलायची ते प्रमाण) जरा चुकला तरी गाडी रुळावरून घसरते. शिवाय आतल्या फेरीत केवळ शेवटचा थर बदलला तरी प्रतिमा-वर्गीकरणातील अचूकता जवळपास तेवढीच राहते, असे पुढील संशोधनात दिसून आले.

त्याच वर्षीचे प्रोटोटाइपिकल नेटवर्क फारच सरळ आहे. पाच ‘क’ नेटवर्कमधून काढून मिळालेल्या व्हेक्टरांची (आकड्यांच्या याद्यांची) सरासरी घ्यायची, तोच ‘क’चा प्रोटोटाइप, नवे अक्षर ज्या प्रोटोटाइपच्या सर्वांत जवळ पडेल, ते त्याचे उत्तर. उद्या एखादे जोडाक्षर वाढवायचे झाले तर पुन्हा प्रशिक्षण लागत नाही, एक सरासरी काढली की काम झाले.

या दोन्ही पद्धतींची परीक्षा बहुधा ओम्निग्लॉट या हाताने काढलेल्या अक्षरांच्या संग्रहावर होते. त्यात ५० लिप्यांतील १६२३ अक्षरे आहेत, प्रत्येक अक्षर २० जणांनी काढलेले. पण पांढऱ्या पार्श्वभूमीवर, सुटे आणि स्वच्छ. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात, शब्द सुटे राहत नाहीत, शाई फुटलेली असते. प्रशिक्षणाचा आणि प्रत्यक्ष वापराचा डेटा असा वेगळा पडला की साधे फाइन-ट्यूनिंग मेटा-लर्निंगला, म्हणजे वरच्या दोन्हींसारख्या ‘शिकायला शिकवणाऱ्या’ पद्धतींना, मागे टाकू शकते, हे २०१९ च्या एका तुलनेत पक्ष्यांच्या छायाचित्रांवर दिसले होते.

म्हणून माझे मत असे की मोठ्या प्रतिमासंग्रहावर शिकलेले मॉडेल घ्यावे, त्याची वजने गोठवून प्रोटोटाइप काढावेत आणि तेवढ्याने भागले नाही तरच वरचे थर फाइन-ट्यून करावेत. पाच नमुन्यांवर सगळे थर मोकळे सोडले तर मॉडेल अक्षर शिकण्याऐवजी कागदाचे डाग पाठ करते. मॅमल रोबोटसारख्या कामांसाठी राखून ठेवावे. निवड कोणतीही असो, चाचणीतील कागद प्रशिक्षणातील लेखनिकांच्या हातचे नसावेत, नाहीतर मॉडेलला अक्षर कळले की त्या लेखनिकाचे वळण, हे समजणारच नाही.