मंकी नट्स: जिरी-मोहरीच्या शेंगा

पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा भुईमुगाच्या शेंगांचा नाही, पिशवीचा.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. लेकीच्या हट्टापायी दीड वर्षापूर्वी घरात दोन जर्बिल, म्हणजे उंदरासारखे छोटे पाळीव प्राणी, आल्या. तपकिरी ती जिरी, काळी ती मोहरी. मूळचा हा मंगोलियाच्या कोरड्या माळावरचा प्राणी. बिया वेचायच्या आणि बिळात दडवायच्या, हाच त्याचा पिढीजात धंदा. त्यामुळे दाणा दिसला की दोघी आपल्याला विसरतात.

सुरुवातीला मी पाळीव प्राण्यांच्या दुकानातून त्यांच्यासाठी म्हणून मिळणारा महागडा सुकामेवा आणला. मधात घोळवलेले दाणे, साखरेत मुरवलेली पपई, केळ्याचे तळलेले काप. मी स्वतः एक दाणा चाखला. चिक्कीचा चुरा, दुसरं काही नाही. महिन्याभरात मोहरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ७४ ग्रॅमवरून ८९ वर गेली. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपून विचारलं, ‘काय खायला घालता?’ मी पाकिटाचं नाव सांगितलं आणि माझी मलाच लाज वाटली. चरबीच्या खाण्याने जर्बिलचं कोलेस्टेरॉल फार लवकर चढतं, हे तिथे कळलं.

मग आल्या या शेंगा. इथे भुईमुगाच्या शेंगेला मंकी नट म्हणतात. सुपरमार्केटात पक्ष्यांच्या खाद्याच्या फळीवर असतात, साध्या, बिनमिठाच्या. माणसांचे खारे दाणे चालत नाहीत, मसाल्याचे तर नाहीच.

सोललेला दाणा मोहरी दहा सेकंदांत फस्त करते. अख्खी शेंग दिली की खेळ वेगळा. आधी ती दोन्ही हातांत धरून गोल फिरवते, बरोबर टोकाला दात लावते, करकर करकर, आणि टरफलाला वाटाण्याएवढं भोक पाडून दाणा ओढून काढते. तोवर जिरी शेंगेचं दुसरं टोक धरून बसलेली. पाच-सात मिनिटं जातात. दातही झिजतात, आणि उरलेल्या टरफलाचा भुगा घरट्यात जातो. रात्री अकराला हा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो, एवढी एक तक्रार.

प्रमाणाचं मात्र भान ठेवा. जर्बिलचं दिवसभराचं खाणं सारं मिळून पाच ते आठ ग्रॅम. एक दाणा पाऊण ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात जवळपास निम्मं तेल. म्हणजे आपल्या हातातला एक दाणा तिच्या ताटातली वाटीभर उसळ. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा, दोघींत मिळून एक शेंग. रोजचं खाणं म्हणजे धान्य-बियांचं तयार मिश्रण.

बाकीचं थोडक्यात. हेझलनट छान, पण अर्धाच. अक्रोडाचा नखाएवढा तुकडा पुरे, तो दाण्याहूनही तेलकट. गोड बदामाची कापटी चालते, कडू बदाम अजिबात नको, त्यातून सायनाइड तयार होतं. सूर्यफुलाच्या बिया त्यांना जीव की प्राण, पण त्यात कॅल्शियम कमी आणि चरबी भरपूर, म्हणून मोजून.

आता कापलेला तारा. पिशवी रंगीत छापील, आतलं काही दिसत नाही. घरी येऊन परातीत ओतल्यावर कळतं. मागच्या पिशवीत मूठभर शेंगा काळ्या डागाच्या निघाल्या, एक फोडली तर आत हिरवट बुरशी आणि कुबट वास. दाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकतं, ते यकृताचं विष, आणि भाजून ते पुरतं जात नाही. आई गावी जशी सुपात दाणे निवडायची, तशी मी आता एकेक शेंग निवडते. डागाळलेली, भोक पडलेली, हलवल्यावर पोकळ वाजणारी बाजूला. निवडलेल्या शेंगा कोरड्या बरणीत.

आणि निवडलेली शेंग दिली तरी काम संपत नाही. गेल्या रविवारी दोघी राहतात ती टाकी साफ करताना त्यांच्या पळायच्या चाकाखालच्या कोपऱ्यात भुश्यात पुरलेले नऊ दाणे सापडले. ‘मोहरी फार खाते’ म्हणून मी जिला बोल लावत होते तिचे नव्हे, जिरीचे. पाण्याच्या बाटलीखालचे दोन ओलसर झाले होते, ते फेकले. सातांपैकी दोन लेकीने भांडून परत ठेवायला लावले.

पुढची पिशवी घेणार आहे, पण दोन किलोची नाही, छोटी.