नळीतून आहार की शिरेतून? पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे दोन मार्ग

आतड्याची किंवा जठराची शस्त्रक्रिया झाली आणि रुग्णाला तोंडाने पुरेसं खाता येत नसेल, तर पोषणाचे दोन रस्ते उरतात. पहिला, नाकातून जठरात किंवा थेट लहान आतड्यात सोडलेल्या नळीचा. दुसरा, शिरेचा.

आतडं चालू असेल तर माझं मत सरळ नळीच्या बाजूने आहे. आतड्याच्या आतल्या थराला थेट अन्नातून पोषण मिळतं. आतडं वापरात राहिलं नाही तर हा थर पातळ होतो. सुरुवात मात्र जपून करतात: तासाला 10 ते 20 मिलीलीटर, मग पोट फुगतंय का, उलटी होतेय का हे बघत हळूहळू वाढ. पाजताना उशाकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवतात. नंतर नळीत पाणी सोडून ती धुवायची; ही साधी गोष्ट राहिली की नळी तुंबलीच म्हणून समजा!

शिरेतल्या पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्लं, स्निग्धांश, क्षार, जीवनसत्त्वं असं सगळं असतं. द्रावण दाट असल्याने पूर्ण पोषण सहसा छातीजवळच्या मोठ्या शिरेतूनच देतात. जंतुसंसर्ग, साखर वाढणं, यकृतावर ताण हे धोके इथे जास्त. पण आतडं अडलं असेल किंवा शस्त्रक्रियेत आतडं जिथे जोडलं त्या जोडातून मोठी गळती होत असेल, तर हाच मार्ग जीव तगवतो.

बरेच दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला दोन्हींत घाई नको. एकदम भरपूर पोषण दिलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या घसरतं.