नाशिकच्या होम स्टुडिओवाल्यांनो, ‘ओरिजिनल’ पॉट सोल्डर करण्याआधी मोजा

मॉनिटर कंट्रोलर स्वतः बांधायला घेतला असेल तर हे आधी वाचा. ज्या माणसाने मला नकली पॉट (आवाज कमी-जास्त करणारा पोटेन्शिओमीटर) विकला, तो आजही नाशिकमध्ये त्याच नावाने तोच माल विकतोय.

नव्याने या कामात आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मॉनिटर कंट्रोलर म्हणजे ऑडिओ इंटरफेस (कम्प्युटरला जोडायचं साउंड कार्ड) आणि स्पीकर यांच्या मध्ये बसणारी डबी. तिला एक मोठा नॉब, म्यूट, मोनो आणि स्पीकरची दुसरी जोडी निवडायचा स्विच असतो. पॅसिव्ह बांधली तर वीजही लागत नाही. सगळी भिस्त त्या नॉबमागच्या पॉटवर असते. माझ्या सर्किटमध्ये सिग्नल बॅलन्स्ड आहे, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला दोन सिग्नल वायरी. अशा चार वायरी पॉटमधून जातात, म्हणून फोर गँग (चार ट्रॅकचा), 10 किलोओहम, लॉग (कानाला आवाज सारखा वाढत जातोय असं वाटावं असा). चारही ट्रॅक एकाच दांड्यावर फिरतात आणि ते सारखेच वर-खाली व्हायला हवेत. एवढ्यासाठीच लोक आल्प्स या जपानी कंपनीचा निळा पॉट शोधतात, आणि त्याच्याच नकला सगळ्यात जास्त निघतात.

हा विक्रेता आमच्या ओळखीच्या कलाकारांत नावाजलेला. “दादा, माल मुंबईहून थेट येतो, एकेक पीस टेस्टेड,” म्हणाला. भावही संशय यावा इतका कमी नव्हता. नाशिकच्याच द्वारका चौकात भेटून पाकीट दिलं, पैसे फोनवर घेतले. बिलाचं विचारलं तर “पाठवतो ना व्हॉट्सॲपवर.” ते कधीच आलं नाही. सातपूरच्या एका मित्रालाही पॉट हवा होता, म्हणून मी दोन घेतले. पुढे हा दुसराच पॉट कामी आला.

कंट्रोलर बांधून झाल्यावर एका कीर्तनकार महाराजांचे अभंग मिक्स करायला बसलो. इंदिरानगरात शेजार चिकटून आहे, त्यामुळे रात्री आवाज बारीक ठेवूनच काम करावं लागतं. नॉब खाली आणला की महाराजांचा आवाज मधून सरकून डाव्या स्पीकरकडे जायचा. पखवाज आणि टाळही त्याच्या मागोमाग. नॉब वर नेला की सगळं पुन्हा जागेवर. इंटरफेसला थेट हेडफोन लावला तर आवाज बरोबर मधोमध. मग कंट्रोलरमधून स्पीकरला जाणाऱ्या डाव्या-उजव्या केबलींची अदलाबदल केली, तर आवाज उजवीकडे गेला. म्हणजे दोष स्पीकरमध्ये नाही, खोलीतही नाही, डबीतच आहे.

त्याला फोन केला. उत्तर तयारच होतं. “सर, सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ लागलं असणार. आतला कार्बन जळतो. सोल्डर केलेला माल परत होत नाही.”

मग मित्रासाठी ठेवलेला कोरा पॉट काढला. त्याच्या पायांना सोल्डरचा थेंबही लागला नव्हता. मल्टीमीटर लावून आधी प्रत्येक गँगची दोन टोकं मोजली: डाव्या बाजूची पहिली 9.8 किलोओहम, उजव्या बाजूची तिसरी 10.4. इथवर ठीक, एवढा फरक चालतो. मग दांडा साधारण पाव फिरवून तिथेच ठेवला आणि मधला पाय ते ग्राउंडचं टोक मोजलं. पहिल्या गँगला 310 ओहम, तिसऱ्याला 205. ज्याच्या त्याच्या एकूण रेझिस्टन्सने भागून हिशेब केला तर डाव्या-उजव्यात सुमारे 4 डेसिबलचा फरक. बारीक आवाजात गायक एका बाजूला सरकायला एवढा फरक खूप झाला. हे सगळं मोजताना काढलेला व्हिडिओ त्याला पाठवला. व्हॉट्सॲपवर निळ्या टिक आल्या आणि त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

मला सगळ्यात जास्त चीड याचीच आहे. घरी बांधलेल्या वस्तूत खोट निघाली की बांधणारा आधी स्वतःवरच शंका घेतो. माझा जोड कच्चा असेल, वायर चुकली असेल, ग्राउंड नीट नसेल. या लोकांचा धंदा त्या शंकेवर चालतो. आपल्याकडे किती पोरांनी चांगली डबी उघडून पुन्हा पुन्हा सोल्डर केली असेल आणि शेवटी कंटाळून अडगळीत टाकली असेल!

म्हणून पॉट हातात आला की पाकीट फोडण्यापासून व्हिडिओ सुरू ठेवा. नॉबच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण जागेवर चारही गँग वर सांगितल्याप्रमाणे मोजा. अस्सल पॉटमध्येही अगदी तळाशी थोडा फरक येतो, तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. स्पीकरच्या मागचा गेन कमी करून ठेवला की नॉब वरच्या भागात वापरता येतो आणि तो फरक जाणवत नाही. पण पाव फिरवल्यावर 4 डेसिबल म्हणजे माल सरळ परत करा.

बिल मागायला संकोचू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. “तुम्ही तर धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक कसले?” असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः वापरायला घेतलेली वस्तू असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. मी पैसे भरल्याचा पुरावा, चॅट आणि व्हिडिओ जोडून तक्रार केली आहे.

डबीत आता पॉटऐवजी 24 टप्प्यांचा रोटरी स्विच आहे, 1 टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर एकेक मोजून लावलेला. वेळ खूप गेला, पण नॉब कितीही खाली आणला तरी महाराज मधेच उभे राहतात.

नाशिकमध्ये कुणी असा निळा पॉट बिलाशिवाय घेतला असेल आणि अजून सोल्डर केला नसेल, तर तो घेऊन माझ्याकडे या. तुमच्यासमोर मोजून देतो. पाकीट आणि चॅट मात्र टाकून देऊ नका.