बोअर पुनर्भरणाचा जाळी-फिल्टर: पाने अडतात, काळी माती नाही

तालुक्याच्या हार्डवेअर दुकानांत मिळणारा हा उभा पीव्हीसी फिल्टर छताचे पावसाचे पाणी बोअरमध्ये सोडण्यासाठी छताच्या 110 मिमीच्या पाइपला जोडायचा असतो. आत स्टीलची जाळी, खाली साफसफाईचे झाकण. डब्यावर '99 टक्के शुद्ध पाणी' असे छापलेले असते. पण किती बारीक कण अडतात, मिनिटाला किती पाणी जाते आणि किती गाळ साठल्यावर जाळी तुंबते, याबद्दल एक ओळ नसते. फिल्टरची खरी परीक्षा तर याच तीन गोष्टींत आहे.

दुकानदार आयएसओ 9001 चे प्रमाणपत्र दाखवतो. ते कारखान्याच्या कामकाज-पद्धतीचे असते; गाळ किती अडतो, हे त्यातून कळत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात अशी उपकरणे खऱ्या पावसात तपासतात. आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे 100 ते 200 मिलिग्रॅम गाळ असेल, तर त्यातला किमान 80 टक्के अडला पाहिजे. विक्रेत्याकडे असा आकडा मागा. नसेल, तर घरीच तपासा.

1000 चौरस फुटांच्या टिनावर तासाला 50 मिमी पाऊस पडला, तर मिनिटाला साधारण 77 लिटर पाणी उतरते. भरलेल्या टाकीच्या दोन इंची व्हॉल्व्हला फिल्टर जोडा. खाली 15 लिटरची बादली साधारण 12 सेकंदांत भरायला हवी. मग वरून मूठभर ओला कडुलिंबाचा पाला टाका आणि पुन्हा वेळ मोजा. जाळी तुंबून पाणी बाजूच्या वाटेने वाहू लागले, तर ते गाळले जात नाही.

दुसरी तपासणी दोन बाटल्यांची. जोराच्या सरीत फिल्टरच्या आधीचे आणि नंतरचे पाणी भरून रात्रभर हलवू नका. पहिल्या दहा मिनिटांत तळाशी बसते ती रेती आणि जाड गाळ. सकाळीही पाणी गढूळ दिसले, तर ती चिकणमाती. तिचे कण 2 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात, 200 मायक्रॉनच्या जाळीतून ते सहज निघून जातात. म्हणून अंगणाचे किंवा शेताचे पाणी या फिल्टरमधून बोअरमध्ये सोडूच नये. खडकातल्या भेगा चिकणमातीने बुजल्या की बोअर पुन्हा मोकळा करणे फार कठीण. शेताच्या पाण्याला आधी गाळ बसवायचा खड्डा, मग गिट्टी, बजरी आणि जाड रेतीचे थर लागतात. वरची दोन-तीन सेंटीमीटर रेती तुंबली की खरवडून काढावी.

छताच्या पाण्यासाठी मात्र फिल्टर घ्यायला हरकत नाही, पण सोबतची पहिले पाणी वळवायची नळी फार अपुरी आहे. मीटरभर नळीत जेमतेम साडेआठ लिटर मावतात. 1000 चौरस फुटांवर 1 मिमी पाऊसही 93 लिटर देतो, आणि मिरगाच्या पहिल्या पावसात टिनावरची धूळ, कबुतरांची घाण त्यातच उतरते. त्यामुळे 200 लिटरचा ड्रम लावा आणि त्याचा तळाचा नळ बारीक धारेने उघडा ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाआधी तो रिकामा होईल.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतले पाणी खारे असते तिथे, हेच छताचे पाणी टाकीत साठवून पितात. तिथे या जाळीवर विसंबू नका. ती जिवाणू अडवत नाही. पाणी उकळूनच प्यावे. आणि घेताना खालचे झाकण उघडून रबरी वॉशर पाहून घ्या. तो कडक किंवा वाकडा असेल, तर झाकणातून गळती लागते आणि सांध्याला एमसील लावावे लागते. मग जाळी काढताच येत नाही.