'विंटरराइज'चं हस्तलिखित पडद्यावर: मॉर्गन लायब्ररीची ऑनलाइन सेवा

न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीकडे संगीतकार शूबर्टच्या 'विंटरराइज' या गीतमालेचं मूळ हस्तलिखित आहे. 1827 मधली ही 24 गाणी संकेतस्थळावर मोफत बघता येतात, पानं हवी तेवढी मोठी करून. ही गाणी गाणाऱ्याने आणि पियानोवर साथ करणाऱ्याने एकदा तरी इथे यायलाच हवं.

छापील प्रत शेजारी उघडी ठेवा, नाहीतर पहिल्या भागात गोंधळ उडेल. पहिल्या 12 गाण्यांत खाडाखोड भरपूर आहे. दुसरा भाग बराच स्वच्छ. पहिल्या गाण्यापासूनच, 'गुटे नाख्ट'पासून, फरक दिसतो. छापील प्रतीत गतीची सूचना नुसती 'मेसिश', म्हणजे मध्यम. हस्तलिखितात पुढे 'चालत्या लयीत' असंही आहे. हे गाणं रेंगाळत म्हणणाऱ्यांनी तेवढे शब्द जरूर वाचावेत.

सर्वात मोलाचं पान 6 व्या गाण्याचं, 'वासरफ्लुट'चं. उजव्या हातात ट्रिप्लेट (एका मात्रेत तीन समान स्वर), डाव्यात डॉटेड क्वेव्हर आणि सेमीक्वेव्हर (एक लांब स्वर आणि मागून एक आखूड). सेमीक्वेव्हर ट्रिप्लेटच्या तिसऱ्या स्वराबरोबर वाजवायचा की नंतर, हा जुना वाद. इथे शूबर्टने दोन्ही स्वर एकाखाली एक लिहिलेत. माझ्या मते ते एकत्रच वाजवावेत, पण अनेक उत्तम पियानोवादक तसं वाजवत नाहीत.

आघाताच्या, म्हणजे एका स्वरावर जोर देण्याच्या, खुणा वाचताना चूक हमखास होते. शूबर्ट ती खूण इतकी लांब ओढतो की डिक्रेसेंडोच (आवाज हळूहळू कमी करण्याची खूण) वाटते, आणि मग जिथे जोर हवा तिथे आवाज उतरतो. खूण एकाच स्वरावर थांबते की पुढे सरकते ते मोठं करून बघा, आणि तीच आकृती गाण्यात पुन्हा आली असेल तर तिथेही पडताळा.

स्वरपट्ट्यांचं काय? 'वासरफ्लुट' इथे एफ शार्प मायनरमध्ये आहे, छापील प्रतीत ई मायनर. 12 वं गाणं 'आइनझामकाइट' डी मायनर, छापील बी मायनर. पहिलं 'गुटे नाख्ट'ही डी मायनरच, म्हणजे 12 गाण्यांचं वर्तुळ इथे पूर्ण होत होतं. 'आइनझामकाइट'च्या शेवटी 'फिने', म्हणजे समाप्त, लिहिलेलंही आहे. शेवटचं गाणं 'डेअर लायरमान' बी मायनर, छापील ए मायनर.

मात्र हस्तलिखितात आहे म्हणून छापील ते चूक, असं धरू नका. दुसऱ्या भागाची प्रुफं शूबर्टने शेवटच्या आजारपणात स्वतः तपासली होती. आणि पडद्यावर कागदाचं जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण) दिसत नाही. कुठलं पान नंतर घातलं हे ठरवायला मूळ कागदच उजेडावर धरावा लागतो.